पोटाचं माप

माझ्या भावाच्या पँटचं बटण लागेनासं झालं, तेव्हा भावजयीला इतका आनंद झाला की ती समोरच्या घड्याळवाल्याला जाऊन सांगून आली. "ह्यांचं पोट सुटलं!" घड्याळवाल्याने डोळ्यावरचं भिंग काढलं, बातमी नीट समजून घेतली आणि तोही हसला. इतर बायका नवऱ्याच्या पोटावरून कटकट करतात, पण आमच्या घरात वर्षभर एका माणसाला आटताना बघणं एवढंच चाललं होतं. फुप्फुसाचा कॅन्सर निघाल्यापासून मी त्याच्या पँटी आवळतच होते. शेवटी शेवटी तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांच्या भेटीला आले होते.

भाऊ माझ्याहून धाकटा. सगळे त्याला मास्तर म्हणायचे, ते कपडे शिवायचा म्हणून; शाळेशी त्याचं कधीच जमलं नाही. खाली आमचं दुकान, वर घर. मास्तर माप घ्यायचा, बेतायचा, कापायचा. भावजय मशिनवर. माझ्याकडे काज, बटण, तुरपाई, आणि उशीर झाला म्हणून आवाज चढवणाऱ्या गिऱ्हाइकांना गप्प करणं. या शेवटच्या कामात माझा हात कोणी धरणार नाही. गल्लीत मला टाचणी म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, पण मला कान आहेत.

तर त्या दिवशी भावजयीने त्याला ट्रायलच्या आरशासमोर उभं केलं, कमरेला टेप लावली आणि आकडा दुकानभर ऐकू जाईल असा ओरडून सांगितला. तोही उभा राहिला, हात जरासे वर धरून. आयुष्यभर दुसऱ्यांना जसं उभं केलं तसाच. "हळू बोल," म्हणाला, "लोकांना वाटेल मास्तर उरलेलं कापड पोटात घालतो." आम्ही हसलो. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, तीही हसली.

खरं तर आमच्या दुकानात पोटाचा खरा आकडा असा ओरडून कधी सांगितला नाही. वडिलांपासूनची रीत होती. माप घेणारा मोठ्याने आकडे सांगतो, दुसरा लिहून घेतो. छाती, खांदा, बाही सगळं खरं. पण गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं असलं की तो आकडा दोन इंच कमी सांगायचा, आणि लिहिणाऱ्याने तोंडातून ब्र न काढता दोन वाढवून लिहायचे. माणूस बिचारा आरशात बघत ताठ होतो. कपडाही बरोबर बसतो, आणि घरी जाऊन तो बायकोला ऐकवतो की तू म्हणतेस एवढा मी काही जाड झालेलो नाही. मास्तर कमी सांगायचा, मी वाढवायची. आमचं कधी चुकलं नाही.

भावजयीने त्याच संध्याकाळी त्याच्या पँटी उसवायला घेतल्या. आवळताना मी शिलाईच्या आत जी जास्तीच्या कापडाची माया दुमडून ठेवली होती ती मोकळी केली, इस्त्री फिरवली आणि गुणगुणत नवी शिलाई मारली. वर्षभरात तिला गुणगुणताना मी ऐकलं नव्हतं. छातीतली गाठ औषधाने निम्मी झाली असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. खोकलाही उतरला होता. त्यात आता हे पोट. तिच्या दृष्टीने सगळं जुळत होतं.

मला मात्र ते जुळेना. त्याच्या शर्टाच्या गळ्यात माझी मूठ जाईल एवढी जागा होती. मांडीवर पँटचं कापड लोंबत होतं. माणूस अंग धरतो ते गळ्याला, दंडाला, मांडीला, सगळीकडे मिळून धरतो. नुसतं पोट एकटंच पुढे येत नाही. आणि हे पोट मऊ नव्हतं. हवा भरलेल्या चेंडूसारखं ताणलेलं होतं.

मी काही गोष्टी मनात ठेवणारी बाई नाही. म्हटलं, "अगं, पोट मोजलंस, गळा बघितलास का त्याचा? हे अंग धरणं नाही. आजच्या आज डॉक्टरला दाखव त्याला."

तिच्या हातातली इस्त्री थांबली. "वन्सं, तुम्हाला कोणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही का?"

एरवी मी तिची ताई. ती वन्सं म्हणाली की समजायचं, बोलणं संपलं. मास्तर मध्ये पडला. "ताई, नुसता गॅस आहे. पुढच्या तपासणीला विचारतो मी." मग काही दिवस भावजय माझ्याशी कामापुरतं बोलली, तेही मशिनच्या सुईकडे बघत.

आणि ती त्याला वाढत राहिली. लोण्यात परतलेले बटाटे, अंडी, दूध, पुन्हा बटाटे. तो खायचा. मध्येच टेबलाची कड घट्ट धरून थांबायचा, कपाळावर घाम यायचा, मग ओसरल्यासारखं व्हायचं आणि घास उचलायचा. "कळ आली का रे?" मी विचारलं, तर म्हणे पाय आखडला. बसल्या जागी पाय आखडतो तो फक्त आमच्या मास्तरचा.

शेवटी एका रविवारी दुपारी तिने त्याचं ताट दुसऱ्यांदा भरलं. तो नको म्हणाला. ती म्हणाली, एवढंच, संपवा, आणि समोर बसून राहिली. त्याने संपवलं. अर्ध्या तासाने उलट्या सुरू झाल्या. आधी अन्न, मग हिरवं पाणी, मग तपकिरी काहीतरी, ज्याचा वास तोंडातून येणाऱ्या गोष्टीचा नव्हता. पोट धरून तो जमिनीवर मुटकुळं करून पडला. घड्याळवाल्याने गाडी बोलावली आणि आम्ही त्याला दवाखान्यात नेलं.

तिथली सर्जन एक शेलाटी बाई होती. तिच्या पांढऱ्या कोटाचे खांदे दंडावर उतरले होते. अशा वेळीही माझं लक्ष तिकडे गेलं. सवयीला औषध नाही. भावजय त्याचे कपडे आणायला घरी गेली होती, म्हणून सर्जनबाईंनी मला एकटीलाच बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं. छातीतल्या गाठीच्या पेशी रक्तातून आतड्यात गेल्या होत्या. असं क्वचित होतं, पण होतं. तिथे गाठ वाढली, आणि त्या गाठीला ओढत आतड्याचा एक तुकडा पुढच्या तुकड्यात शिरून बसला होता.

"बाही उलटवताना अर्धी आतच अडकते, तशी?" मी विचारलं.

त्यांनी स्वतःच्या बाहीकडे बघितलं. "हो. अगदी तशी."

"हे आज झालं?"

"पूर्ण बंद आज झालं असेल. पण गाठ जुनी आहे. पोट फुगायला लागलं तेव्हापासून वाट अडतच आली असणार. आता ऑपरेशन केलं नाही तर आतडं फुटेल. केलं तर वाट मोकळी होईल. आजार मात्र जाणार नाही."

"आधी आणलं असतं तर?"

"इतक्या कळा सोसाव्या लागल्या नसत्या," त्या म्हणाल्या. "बाकी फार फरक पडला नसता."

मी मास्तरकडे गेले. त्याच्या नाकात नळी घातली होती आणि ती नळी खालच्या पिशवीत हिरवट पाणी ओढत होती. त्याने विचारलं, काय म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. मला दुसरं काही येतच नाही. त्याला मात्र आश्चर्य वाटलं नाही.

"गळा सैल आणि पोट घट्ट," तो म्हणाला. "असं अंग कोणी धरत नाही. तू म्हणायच्या आधीच मला दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"ती गुणगुणत होती ना गं."

मला इतका राग आला की नाकात नळी नसती तर एक ठेवून दिली असती. गुणगुणत होती म्हणून! त्याने माझं मनगट पकडलं. हातात ताकद नव्हतीच, नुसती बोटं टेकवल्यासारखी. "ताई, तिला सांगू नकोस. ते पोट खाऊनपिऊनच आलं होतं, आणि हे आतड्याचं आत्ता अचानक झालं, असं सांग. नाहीतर त्या पँटी उसवताना ती हसली, हे तिला जन्मभर डाचेल."

"मला नाही जमायचं. मी तोंडावर सांगणारी बाई."

"इतकी वर्षं गिऱ्हाइकांच्या पोटाच्या खोट्यात सामील झालीस. एकदा माझ्या पोटाचं खोटं बोल."

ऑपरेशनला निघालेला माणूस मागतो त्याला नाही कोण म्हणणार? मी हो म्हणाले. सर्जनबाईंनाही गाठून विनवलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या बायकोने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, पण आपणहून हा विषय काढणार नाही. मला तेवढं पुरेसं वाटलं.

भावजय कपड्यांची पिशवी छातीशी धरून धावत आली. मी म्हणाले, "अचानक झालंय. कालपर्यंत आतडं साफ होतं त्याचं. तू घातलेलं अंगी लागत होतं." आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोलले आणि जीभ जरासुद्धा अडखळली नाही. "ताई," एवढंच म्हणून ती मला बिलगली. वन्सं नाही, ताई. मला, खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

ऑपरेशन झालं. अडकलेला तुकडा काढून दोन टोकं जोडली. पण पोटात गाठीचे आणखी ठिपके दिसले होते, इकडे तिकडे, पुष्कळ. सर्जनबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं आणि महिन्यांची भाषा करू नका, आठवड्यांची करा, असं सांगितलं. टाके सुकले की घरी न्या. पातळ करून, थोडं थोडं, त्यांना आवडेल ते द्या. आता पथ्य काही नाही. खाण्यामुळे यातलं काही झालेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. भावजय मान हलवत होती. मला वाटलं ऐकतेय.

घरी आणल्यावर भावजय स्वयंपाकघरात जाईना. पहाट झाली की खाली दुकानात उतरायची आणि मशिनवर बसायची. महिन्याभराने द्यायचे कपडे शिवून हातावेगळे केले तिने. वर यायची, त्याची उशी नीट करायची, कपाळावर हात ठेवायची. पण मी वाटी घेऊन आले की हिचं काहीतरी खाली राहिलेलं असायचं. सूप मीच करायची. माझ्या हाताला चव नाही, हे मीच सांगते, दुसऱ्याने सांगितलेलं मला खपत नाही. मास्तरने सांगितलं नाही. तो एक-दोन चमचे घ्यायचा आणि मान वळवायचा.

"तिला करायला सांग ना," तो म्हणायचा.

मी सांगायची. ती म्हणायची, "तुम्हीच द्या ताई, मला हा कोट पुरा करायचाय." मला वाटलं, दुःख आहे, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कोणी रडतं, कोणी शिवतं.

मग एक दिवस मास्तरने मला तोंड धुवायला पाणी मागितलं. चूळ भरली, पुन्हा भरली, पुन्हा पाणी मागितलं. त्याचा सदरा बदलायला लावला. खिडकी उघडायला लावली. मी म्हटलं, कोण येणार आहे एवढं?

"माझ्या तोंडाला अजून तो वास येतो का गं?" त्याने विचारलं. "खरं सांग. मी खायला लागलो की ती जवळ थांबत नाही. किळस येत असेल तिला." आणि मग, जणू मीच तिच्यावर काही आरोप केला होता अशा घाईने, "येणारच. तिचं काही चुकत नाही."

चूळ भरून भरून त्याचे ओठ पांढरे पडले होते. मला ते बघवेना. मी तरातरा जिना उतरून खाली गेले आणि चालत्या मशिनच्या चाकावर हात ठेवला.

"कोट कोणाला घालणार आहेस? तो वर उपाशी पडलाय आणि तुझ्या हातचं मागतोय. एक वाटी गरम करून द्यायला तुझं काय जातं?"

ती माझ्याकडे बघेना. "माझ्या हातचं नको त्यांना."

"का नको?"

"त्या दिवशी दुसऱ्यांदा मी वाढलं. ते नको म्हणत होते. मीच म्हटलं, संपवा. समोर बसून संपवायला लावलं." तिचा आवाज एकसारखा होता, पाठ केलेलं म्हणावं तसा. "तुम्हीच म्हणालात ना ताई, कालपर्यंत आतडं साफ होतं? मग एका दिवसात कशाने बंद झालं? माझ्या ताटानेच ना?"

"अगं, डॉक्टरबाईंनी सांगितलं ना, खाण्यामुळे असं होत नाही म्हणून!"

"डॉक्टर धीर द्यायला बोलतात. तुम्ही धीर द्यायला बोलत नाही. तुम्ही कधी खोटं बोलत नाही."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मी तिथेच कापडाच्या ढिगावर बसले. तिला एक गोष्ट डाचू नये म्हणून आम्ही दोघा शहाण्यांनी तिच्या गळ्यात दुसरी बांधली होती, आणि ती घेऊन ही बाई रोज पहाटे इथे येऊन बसत होती. वर तो, खाली ही. शब्द दिला होता मी त्याला, ऑपरेशनच्या दारात. तो मोडला तर तो मला माफ करेल की नाही, मला कळेना. आणि माफ करायला त्याच्याकडे वेळ तरी किती उरला होता?

"बोलले मी खोटं," मी म्हणाले. "त्यानेच बोलायला लावलं."

मग सगळं सांगितलं. गाठ कधीची होती. बाहीसारखं आतडं कसं अडकत गेलं. ताटाआधीच वाट कशी बुजत आली होती, ते ताट नसतं तरी दोन दिवसांनी तेच झालं असतं. ती ऐकत होती आणि तिचा पाय मशिनच्या पायडलवर तसाच होता.

"म्हणजे मी ह्यांना आरशासमोर उभं केलं तेव्हा पोटात ते होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी घड्याळवाल्यालासुद्धा सांगून आले."

"हो गं."

"आणि ह्यांना माहीत होतं."

"संशय होता."

मग ती आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही दोघांनी मिळून मला गिऱ्हाईक केलंत."

ती उठली, कोट तसाच सुईखाली सोडला आणि वर गेली.

मी लगेच मागे गेले नाही. हिंमतच झाली नाही. दुकानात इकडचं तिकडे केलं, तीन बटणं उगाच डब्यातून काढली आणि परत टाकली. मग वरून भांड्याचा आवाज आला, तेव्हा गेले आणि दाराशी उभी राहिले. माझंच सूप तिने फडक्यातून गाळलं होतं, त्यात लोणी घातलं होतं, मिरपूड टाकली होती. वाटी घेऊन ती त्याच्या पलंगावर बसली, अगदी जवळ.

तिला वाटीसकट बघून मास्तरचा चेहरा उजळला. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे.

"सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हणाले.

त्याने डोळे मिटले. मला वाटलं, गेलं सगळं. भाऊ तर जाणारच होता, आता त्याचा विश्वासही गेला.

"अहो," भावजय म्हणाली. "इकडे बघा. आरशासमोर उभे होतात, मी हसत होते, तेव्हा दुखत होतं का?"

त्याला मी पाळण्यापासून ओळखते. तो नाही म्हणणार, मला माहीत होतं. त्याचे ओठ त्याच शब्दाला उघडले. मग डोळे उघडून त्याने तिच्याकडे बघितलं, आणि तो शब्द काही बाहेर आला नाही.

"खूप," तो म्हणाला. "उभं राहवत नव्हतं."

भावजयीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही, तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.

"मग माझा हात धरायचा ना," ती म्हणाली.

तिने चमचा भरला, त्यावर फुंकर घातली आणि त्याच्या ओठांपर्यंत नेला. त्याने तोंड उघडलं.